जाड मांजरासाठी ग्रेव्हीचं पाऊच की मूसचा डबा?

मांजर वरून बघितलं तर कंबर दिसत नाही, बरगड्या हाताला लागायला बोटं रुतवावी लागतात, आणि डॉक्टरांनी एकदाचं सांगितलंय की दाणे बंद, ओलं सुरू. इथवर सगळेच येतात. अडचण सुरू होते ती दुकानातल्या फळीसमोर. एका बाजूला ग्रेव्हीतल्या तुकड्यांची पाऊच, दुसऱ्या बाजूला मूस, पॅटे नाहीतर लोफ असं लिहिलेले टिनचे डबे, म्हणजे आत गुळगुळीत लगदा. दोन्ही ओलं, दोन्ही मांसाचं, आणि दोन्हींवरचं मांजर सडपातळ. आम्ही दोन्ही पुरेसे महिने वापरून एकावर स्थिरावलो आहोत. कशावर ते पुढे कळेलच. आधी जे मुळात घ्यायचंच नाही ते बाजूला काढू.

त्यात पहिला नंबर टूनाच्या नुसत्या तुकड्यांच्या छोट्या डब्यांचा. मागचं लेबल वाचलं की जाड मांजरासाठी देवानेच धाडल्यासारखे वाटतात: प्रथिनं भरपूर, चरबी जवळजवळ नाही. पण यातल्या बऱ्याच डब्यांवर बारीक अक्षरात ‘कॉम्प्लिमेंटरी’ असं छापलेलं असतं, म्हणजे हे पूर्ण जेवण नव्हे, तोंडीलावणं. टॉरिन (मांजराला अन्नातूनच मिळावं लागणारं एक अमिनो आम्ल), जीवनसत्त्वं, कॅल्शियम यांचा मेळ त्यात घातलेला नसतो. दिवसाच्या कॅलरींपैकी दहा टक्क्यांच्या आत असेल तर चालेल, त्यावर मांजर पोसायचं नाही. हवा तो शब्द ‘कम्प्लीट’, आणि सोबत आफको (AAFCO, अमेरिकेतली) किंवा फेडियाफ (FEDIAF, युरोपातली) या पाळीव प्राण्यांच्या अन्नाची मानकं ठरवणाऱ्या संस्थांच्या मानकाचा उल्लेख. ‘ऑल लाइफ स्टेजेस’ लिहिलेलं असेल तर ते पिल्लांनाही पुरेल इतकं सकस असतं, त्यामुळे चरबीचा आकडा आधी बघायचा.

आता हिशेब. मांजर ५.५ किलोचं आहे आणि ४ किलोवर आणायचंय असं धरू. ४ किलोच्या मांजराची विश्रांतीतली गरज ७० गुणिले वजनाचा ०.७५ घात, म्हणजे जवळपास १९८ कॅलरी. वजन उतरवताना त्याच्या ८० टक्के देतात. आले साधारण १६० कॅलरी, दिवसाला, सगळं मिळून. हा आकडा फ्रिजवर चिकटवून ठेवावा, कारण पुढचं सगळं त्याच्याशीच ताडून बघायचंय.

लेबलवर कॅलरी छापलेल्या असतील तर उत्तमच, पण पुष्कळ पाऊचवर नसतात. मग छापलेली टक्केवारी घ्यायची: १०० मधून प्रथिनं, चरबी, तंतू, राख (लेबलवरचं ‘ash’, म्हणजे खनिजं) आणि पाणी वजा केलं की उरतं ते पिष्ट, म्हणजे कर्बोदकं. प्रथिनं आणि पिष्ट प्रत्येकी ३.५ ने, चरबी ८.५ ने गुणून बेरीज केली की १०० ग्रॅममधल्या कॅलरी मिळतात. राख छापली नसेल तर २ ते २.५ धरावी.

उदाहरणादाखल एक पाऊच घेऊ. प्रथिनं ८, चरबी २.५, तंतू १, राख २, पाणी ८२. पिष्ट उरलं ४.५. बेरीज ६५ कॅलरी, म्हणजे ८५ ग्रॅमच्या पाऊचमध्ये ५५. आता एक मूस: प्रथिनं १०.५, चरबी ५, तंतू १, राख २.५, पाणी ७९. पिष्ट २. बेरीज ८६, म्हणजे १७० ग्रॅमच्या डब्यात १४६.

कागदावर ग्रेव्ही जिंकते, हे मान्य करायला हवं. त्याच १६० कॅलरींत तीन पाऊच बसतात, जवळपास अडीचशे ग्रॅम जेवण. मूस त्यात १८५ ग्रॅमच बसतं. वाटी जास्त भरते, पाणीही जास्त जातं. शिवाय तीन पाऊच म्हणजे तीन जेवणं, उरणं-सांडणं नाही, फ्रिजमध्ये काही ठेवणं नाही. ‘लाइट’च्या शिक्क्याचंही तेच: अमेरिकन नियमात मांजराच्या ओल्या अन्नाला तो शब्द लावायचा तर किलोमागे ९५० कॅलरींच्या आत राहावं लागतं. आपलं साधं पाऊच ६५० वर आहे. म्हणजे शिक्का नसतानाही ते लाइटच, आणि शिक्क्याचे जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. मूसचं एकच जमेचं: एकूण कॅलरींत पिष्टाचा वाटा ८ टक्के, तर या पाऊचमध्ये २४. प्रथिनांचा वाटा दोन्हीकडे ४३ च्या आसपास. एवढ्यावर थांबलो असतो तर पाऊचच घेत राहिलो असतो.

थांबता आलं नाही त्याचं कारण वाटीत दिसतं. पाऊच ओतल्यावर दहा मिनिटांनी जाऊन बघा. ग्रेव्ही चाटून चाटून साफ, आणि मध्ये तुकड्यांचा ढीग, स्वच्छ धुतल्यासारखा, वरून सुकत चाललेला. पंख्याखाली अर्ध्या तासात त्याला कडेने कातडं धरतं, तासाभरात ओट्याखालून मुंग्यांची रांग लागते. मांजर तिकडे ढुंकून बघत नाही. वाटीभोवती एक चक्कर मारतं, तोंड वर करतं आणि ओरडतं. घरातलं कोणीतरी म्हणतं, ‘बिचारं उपाशी आहे,’ आणि दुसरं पाऊच फुटतं. सुकलेले तुकडे खिडकीत कावळ्यांना, नाहीतर खाली सोसायटीतल्या मांजरांना. ती मात्र मजेत असतात.

यात नुकसान तुकड्यांच्या पैशांचं नाही, हिशेबाचं आहे. एक पाऊच चहाच्या गाळणीत ओतून वजनकाट्यावर धरा. आमच्याकडे ८५ ग्रॅमपैकी ४० ते ४५ ग्रॅम नुसती ग्रेव्ही निघत आली. कंपनीगणिक थोडं इकडेतिकडे होईल. ग्रेव्हीला दाटपणा येतो तो बहुधा स्टार्च आणि डिंकाने. मांस आहे तुकड्यात, आणि त्या तुकड्यातही पुष्कळदा गव्हाचं ग्लूटेन मिसळलेलं असतं. म्हणजे जे मांजर फक्त चाटतं, ते पाऊचमधलं पिष्ट आणि पाणी घेतं आणि प्रथिनं वाटीत ठेवतं. पोट डब्ब, पण दोन तासांत रिकामं. पहाटे चारला छातीवर पंजा. वजन उतरवताना नेमकी प्रथिनंच कमी पडली तर चरबीबरोबर स्नायूही झडतात. काट्यावर आकडा खाली येतो, पण मागचे पाय बारीक आणि पोट तसंच. आणि मुख्य म्हणजे मांजराने ५५ कॅलरी खाल्ल्या, ३० खाल्ल्या की दोन पाऊचमधून मिळून ७० चाटल्या, हे कोणालाच सांगता येत नाही. १६० चा आकडा फ्रिजवर नुसता शोभेला राहतो.

जेवणाच्या काट्याने कुस्करून बघितलं, थोडा फरक पडतो. पण ग्लूटेनचे तुकडे रबरासारखे असतात. चेपले तर घसरतात, मोडत नाहीत. मिक्सरमधून काढलं तर जमतं, पण मग आपण घरीच मूस करतोय. तयार घेतलेलं काय वाईट? जेलीतली पाऊच मधली वाट म्हणता येतील, जेली तुकड्याला चिकटून राहते म्हणून चाटून बाजूला काढणं थोडं कठीण जातं. काही मांजरांना मात्र त्यातल्या डिंकाने शी पातळ होते.

मूसमध्ये निवडायला काही नसतंच. जिभेवर येईल तो प्रत्येक घास सारखा, त्यामुळे वाटीत अर्धं उरलं तर अर्ध्या कॅलरी उरल्या, इतकं सरळ. उरलेलं वजनकाट्यावर ठेवा, वजा करा, झालं. माझं पारडं याच एका गोष्टीने झुकलं, चवीने किंवा ब्रँडने नव्हे.

म्हणजे डब्याला खोडी नाहीत असं नाही. १७० ग्रॅमचा डबा एका बैठकीत संपवायचा नसतो, आणि मुंबईच्या हवेत उघडा ठेवायचाही नसतो. उघडल्या उघडल्या सगळा लगदा काचेच्या किंवा स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डबीत काढायचा आणि फ्रिजमध्ये. दोन दिवसांत संपवायचा. आपल्या हिशेबात तो एकाच दिवसात संपतो. घर शाकाहारी असेल तर ही डबी आणि चमचा वेगळे ठेवणं घरातल्या शांततेच्या दृष्टीने बरं. तीन जेवणं करायची तर दर वेळी ५६ ते ५७ ग्रॅम. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा याला लागतोच, चमच्याने माप चुकतं. डब्याच्या १४६ कॅलरींनंतर उरतात १४, म्हणजे चार ग्रॅम कोरडे दाणे. ते बक्षीस म्हणून फरशीवर एकेक भिरकवायचे, पळापळही होते.

दुसरी खोडी थंडपणाची. फ्रिजमधून काढलेल्या मूसला वास उरत नाही आणि मांजर वासावर जेवतं. मायक्रोवेव्ह नको, कुठे चटका बसेल इतकं गरम होतं आणि कुठे गार राहतं. वाटीतल्या लगद्यावर दोन चहाचे चमचे गरम पाणी घालून काट्याने फेसायचं. मनगटाच्या आतल्या बाजूला कोमट लागलं की झालं. दोन्ही कामं एकदम होतात, वास सुटतो आणि ग्रेव्हीसारखं पातळही होतं, तेही स्टार्चशिवाय. ज्यांचं मांजर आयुष्यभर ग्रेव्हीवर वाढलंय त्यांनी हे आधी करून बघावं. वाटी पाणी घातलेल्या ताटलीत ठेवली की मुंग्यांचा प्रश्न मिटतो. मे महिन्यात आणि पावसाळ्यात अर्ध्या तासानंतर वाटी उचलायची, उरलेलं मोजून फेकायचं. तेच परत फ्रिजमध्ये ठेवायचं नाही.

पाऊच कोणी घ्यावं? ज्यांचं मांजर तुकड्यांसकट सगळं फस्त करतं त्यांनी खुशाल घ्यावं, त्यांच्यासाठी कागदावरचा निकाल खरा ठरतो. चार दिवस गावी जाताना, किंवा शेजारणीकडे किल्ली देताना पाऊचइतकं सोपं काही नाही: एक सकाळी, एक दुपारी, एक रात्री. आणि काही मांजरं लगद्याला तोंडच लावत नाहीत. त्यांच्याशी हट्ट करू नये.

हट्टाचं जरा जपूनच. ‘भूक लागली की खाईल’ हे जाड मांजराच्या बाबतीत धोक्याचं आहे. उपास घडला की अंगातली चरबी यकृताकडे धाव घेते आणि यकृत तिथेच तुंबतं, कावीळ होते, जीव जाऊ शकतो. चोवीस तास काहीच पोटात गेलं नाही तर जुनं अन्न परत द्या आणि डॉक्टरांना फोन करा. दोन दिवस वाट बघायची नाही. बदल सात ते दहा दिवसांत: पहिले दोन-तीन दिवस एक भाग नवं आणि तीन भाग जुनं, मग निम्मं-निम्मं, मग उलट. मांजराला मधुमेह असून इन्सुलिन चालू असेल तर पिष्ट कमी झाल्यावर तोच डोस जास्त होऊ शकतो, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय डबा उघडूच नका. बोका लघवीला बसून नुसता कुंथत असेल तर तो आहाराचा विषय नाही, त्याच तासाला दवाखाना.

पथ्याच्या अन्नाबद्दल थोडं. रॉयल कॅनिन, हिल्स यांच्याकडे वजन उतरवण्याची वेगळी श्रेणी आहे, डॉक्टर लिहून देतात ती. महाग असते, पण त्यामागे तर्क आहे: साधं अन्न कमी दिलं की कॅलरींबरोबर प्रथिनं आणि जीवनसत्त्वंही कमी होतात, पथ्याच्या अन्नात ती मुद्दाम वाढवलेली असतात. मांजर थोडं सुटलेलं असेल तर साध्या मूसवर भागतं असा आमचा अनुभव. पण वर धरलेल्या ५.५ किलोसारखं बरंच जड असेल, म्हणजे कित्येक महिने कमी खायचंय, तर आधी डॉक्टरांशी बोलून पथ्याचंच घेतलेलं बरं. त्यातही मूस मिळत असेल तर मी मूसच घेईन.

वजन आठवड्याला एक टक्का उतरलं तर चाल बरोबर आहे. ५.५ किलोच्या मांजराला हे ५५ ग्रॅम होतात. मांजर कडेवर घेऊन माणसांच्या काट्यावर उभं राहिलं तर तो बहुतेक १०० ग्रॅमच्या टप्प्याने बोलतो, आठवड्याचा फरक त्याला दिसतच नाही. १० किलोपर्यंतचा स्वयंपाकघरातला काटा घ्या, वर प्लास्टिकचा टब ठेवा, शून्य करा, टबात ते चार दाणे टाका. मांजर आपण होऊन बसतं. दर रविवारी, सकाळच्या जेवणाआधी. दोन आठवड्यांत काहीच हललं नाही तर रोजचं पाच ते दहा टक्के कमी करा, आठवड्याला दोन टक्क्यांहून जास्त उतरलं तर तेवढंच वाढवा. दीड किलो उतरायला सहा-सात महिने लागतात.

आणि काहीच हललं नाही तर डबा बदलण्याआधी घरात चौकशी करा. अर्धी वाटी फुल क्रीम दूध साठ कॅलरींच्या वर जातं, तळलेल्या बांगड्याचा दोन बोटांएवढा तुकडा पन्नासाच्या आसपास. दोन्ही मिळून मांजराच्या दिवसाच्या जेवणाचा दोन तृतीयांश वाटा होतो, आणि ‘काही दिलं नाही, जरासं चाखवलं’ यात तो मोजला जात नाही. आमच्याकडे फ्रिजवर १६० च्या खाली तीन रकाने आहेत, सकाळ, दुपार, रात्र. जो वाटी भरेल त्याने खूण करायची. खूण असेल तर मांजर कितीही ओरडलं तरी ते जेवलेलं आहे.