करिअर बदलताना केलेली ऑनलाइन रिट्रीट, माझा अनुभव

अकाउंट्समध्ये १४ वर्षं काढल्यावर मला विशेष मुलांची शिक्षिका व्हायचं होतं, म्हणजे नोकरी सोडायची, परत शिकायचं, तोवर पगार बंद, आणि रोज प्रार्थनेत एकच मागणं की देवा काहीतरी खूण दाखव. खूण काही येईना. शेवटी ही दहा आठवड्यांची रिट्रीट, म्हणजे ख्रिस्ती प्रार्थना-साधना, घेतली. घरूनच करायची असते, रोज पाऊण तास प्रार्थना आणि आठवड्यातून एकदा मार्गदर्शक सिस्टरांशी (नन) कॉल.

सगळी पद्धत सोळाव्या शतकातले ख्रिस्ती संत इग्नेशियस लोयोला यांची. मूळ साधना साधारण ३० दिवसांची, एकांतात करायची, पण ज्यांना कामधंद्यातून निघता येत नाही त्यांच्यासाठी रोजच्या जगण्यात थोडी थोडी करायची सोय त्यांनीच करून ठेवलीये, आमची तिचीच छोटी आवृत्ती. ते स्वतः सैनिक होते, १५२१ मध्ये स्पेनमधल्या पॅम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळा पायावर बसला आणि ती वाट तिथेच बंद झाली. नंतर तिशी ओलांडल्यावर बार्सिलोनात लहान मुलांबरोबर लॅटिन शिकायला बसले. ३८ व्या वर्षी कॉलेजात जायची मला जी लाज वाटत होती ती हे ऐकूनच निम्मी गेली.

आधी तक्रारी सांगते. रेकॉर्ड केलेली प्रवचनं फार लांब आहेत, पहिल्या दोन आठवड्यांची तर निम्म्यात आटपली असती. वाचायचे कागद स्कॅन करून पाठवतात, मोबाइलवर अक्षर लागत नाही. माझा कॉल दोनदा ऐनवेळी पुढे ढकलला. ग्रुप सेशनचा मला काही उपयोग झाला नाही, प्रत्येकजण आपलंच सांगत बसतो.

पण सिस्टरांबरोबरचे कॉल, त्यासाठी मी ही रिट्रीट पुन्हा करीन. चौथ्या आठवड्यात वहीत चार रकाने करायला लावले, राहण्याचे फायदे, राहण्याचे तोटे, सोडण्याचे फायदे, सोडण्याचे तोटे. त्याआधी मन तराजूच्या काट्यासारखं मधोमध आणायचं, कुठेच झुकलेलं नको, आणि खरं सांगते यालाच सगळ्यात जास्त दिवस लागले. मी 'राहण्याचे फायदे' वाचून दाखवले, ११ ओळी होत्या. सिस्टर थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "यातल्या तुझ्या किती आणि तुझ्या भीतीच्या किती?" मी पेन्सिलीने भीतीच्या ओळींपुढे टिंब देत गेले. आठ टिंबं झाली. लोक काय म्हणतील हेच तीन वेगवेगळ्या शब्दांत लिहिलेलं होतं.

सहाव्या आठवड्यात मी पार खचले. प्रार्थनेत मन लागेना, त्यात ऑफिसात बरोबरच्या मुलीला प्रमोशन मिळालं, आणि मी ॲडमिशन रद्द करायचा मेल लिहूनसुद्धा ठेवला. सिस्टर म्हणाल्या, "पाठवू नकोस. मन कोरडं पडलेलं असताना आधीचा निर्णय बदलायचा नाही, इग्नेशियसांचा नियमच आहे हा." तो मेल नऊ दिवस ड्राफ्टमध्ये पडून होता, मग मीच डिलीट केला.

भरवसा म्हणजे देव सांगेपर्यंत हातपाय न हलवता थांबणं असं मी इतकी वर्षं समजत होते. इथे उलट शिकवलं, देवाने दिलेली अक्कल वापरून ठरव, मग ठरवलेलं त्याच्यापुढे ठेव आणि मनातली शांती टिकते का बघ. देवाच्या सांगण्यावरून हारान हे गाव सोडलं तेव्हा बायबलमधला अब्राम ७५ वर्षांचा होता आणि कुठे जायचंय हे त्याला ठाऊक नव्हतं, हे मी लहानपणापासून ऐकत आलेय, पण तो चालायला लागला ही गोष्ट माझ्या कधी लक्षातच आली नव्हती. मी राजीनामा दिला तेव्हा हात थरथरत होते, तरी आत खोलवर शांत होतं, आणि ती शांती अजून आहे.

कुणाला चटकन हो की नाही असं उत्तर हवं असेल तर ही रिट्रीट घेऊ नका, सिस्टर उत्तर देतच नाहीत. ज्यांना रोज पाऊण तास खरंच काढता येतो त्यांनी जरूर घ्या, फक्त नाव नोंदवायच्या आधी मार्गदर्शकांशी एक ओळखीचा कॉल मागून घ्या, मी मागितला म्हणून मिळाला, आपणहून कुणी सांगत नाही.