दादरचं मुलांच्या वजनाचं क्लिनिक: चार तारे, त्यातला एक निव्वळ टेपसाठी

रानडे रोडच्या गर्दीतून आत वळलं की पहिल्या मजल्यावर हे क्लिनिक आहे. लिफ्ट नाही. आजीला बरोबर नेणार असाल तर विचार करून न्या.

आमचे चिरंजीव १२ वर्षांचे, वजन ५८ किलो. सासूबाईंच्या भाषेत 'खात्यापित्या घरचं पोर'. रक्त आधीच एका लॅबमधून तपासून आणलं होतं: कोलेस्टेरॉल १७२, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) १३८, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ४१. रिपोर्टात एकही आकडा ठळक नाही, सगळं नॉर्मल. घरात पेढे वाटायचेच बाकी होते.

डॉक्टरबाईंनी आधी त्या रिपोर्टाचा उजवा रकानाच खोडला. तिथल्या मर्यादा मोठ्या माणसांच्या. मोठ्यांना ट्रायग्लिसराइड्स १५० च्या आत चालतात. १० ते १९ वयात ९० च्या आत हवेत आणि १३० पासून पुढे सरळ जास्त. कोलेस्टेरॉल मुलांना १७० च्या खाली, एचडीएल ४५ च्या वर. म्हणजे आमचा नॉर्मल रिपोर्ट एका विषयात नापास आणि दोनांत काठावर! मुलाचं वय त्याच कागदावर ठसठशीत छापलेलं असताना लॅबला एवढंही जमू नये? असो, तो राग तिकडे काढेन.

मोजमापं मात्र बघत राहावी अशी. बूट-मोजे काढून, टाचा भिंतीला लावून, नजर समोर ठेवून उंची: १४८ सेंटीमीटर. उंची वयाला धरून आहे, म्हणून हार्मोनच्या महागड्या तपासण्या तूर्त नकोत, असं त्या स्वतःहून म्हणाल्या. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, आला २६.५. तो त्यांनी भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१५ च्या तक्त्यावर टिंब देऊन दाखवला. टिंब लठ्ठपणाच्या रेषेच्याही वर. मग कंबर. पँटच्या पट्ट्यापाशी नाही, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड बोटांनी चाचपून बरोबर मधे टेप. टेप लागताच चिरंजीवांनी पोट आत ओढलं. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त 'मुंबई इंडियन्समध्ये कोण आवडतं रे?' म्हणून विचारलं. तो बोलायला लागला, श्वास सुटला, आकडा मिळाला: ८१. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी, म्हणजे ७४ च्या आत. हे गणित आता त्याला पाठ आहे. शेवटी कॉलर बाजूला करून मानेची त्वचा काळवंडली आहे का (इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असू शकते) तेही पाहिलं. त्याला एकदाही 'जाड्या' म्हटलं नाही, जे आमच्या नातेवाइकांना जमत नाही.

वरणभातावरच्या तुपावर गदा येणार असं वाटलं होतं. त्यांनी आधी कोल्ड्रिंक, पाकिटातला ज्यूस आणि बिस्किटं बंद केली. ट्रायग्लिसराइड्स साखर-मैद्यानेही चढतात.

एक तारा कापला तो छापील आहार तक्त्यासाठी. ओट्स, ब्रोकोली, किनवा! ज्वारीची भाकरी, उसळ, मटकी यांचा पत्ताच नाही. डॉक्टर एवढ्या बारकाईने मोजतात आणि हातात हा कागद?

फी ९०० रुपये, यूपीआय चालतं. अपॉइंटमेंट सकाळची घ्या. संध्याकाळी तासभर तरी खोळंबा होतो, आणि जिन्याखालीच वडापावची गाडी लागते.