तळ्याकाठचं जंगल: राखायचं, मिसळायचं की बदलायचं?

अमेरिकेतल्या उत्तर मिनेसोटात तळ्यालगत वीस-पंचवीस एकर जंगल हाती आलं, की प्रश्न पडतो: हवा तापत चाललीय, तर आहे ते राखायचं की वेगळी झाडं लावायची? चिपेवा राष्ट्रीय वनातल्या कटफूट प्रायोगिक जंगलात हे मार्ग शेजारी-शेजारी आजमावले जात आहेत.

राखायचं ठरवलं, तर आहे त्या लाल पाइनची विरळणी करायची. उरलेल्या झाडांच्या वाट्याला जास्त पाणी येतं, दुष्काळ सोसवतो. खर्च कमी, लाकडाचे चार पैसेही मिळतात. पण सगळी भिस्त एकाच जातीवर राहते.

मिसळायचं म्हणजे मोकळ्या जागी बर ओक, लाल ओक, पांढरा पाइन. हे मिनेसोटाचेच रहिवासी, फक्त त्यांचा वाटा वाढवायचा. माझा कौल यालाच. मात्र हरणं रोपांचे शेंडे खातात. पांढऱ्या पाइनच्या टोकाच्या कळीवर दर पानगळीत कागदाची टोपी स्टेपल करावी लागते, रोप हरणाच्या तोंडाच्या वर जाईपर्यंत, म्हणजे कित्येक वर्षं. एवढं होणार नसेल तर रोपं आणूच नका.

पश्चिमेकडचा पाँडेरोसा पाइन आणून जंगलच बदलायचं असेल, तर एखाद्या कोपऱ्यात करून बघा. सगळी जमीन त्यावर लावू नका.

तळं खोल असेल तर मात्र हिशेब बदलतो. टुलिबी मासा उन्हाळ्यात खालच्या थंड पाण्यात तग धरतो, आणि वॉलाय, मस्की हे मोठे मासे त्याच्यावर जगतात. भोवतालची झाडं गेली की फॉस्फरस वाहून येतो, शेवाळ माजतं, ते तळाशी कुजताना तिथला प्राणवायू संपतो. तळ्याकडे उतरणाऱ्या जमिनीपैकी ७५ टक्के जंगलाखाली राहावी, असं उद्दिष्ट म्हणूनच धरतात. अशा जागी झाड कोणतं, यापेक्षा जमीन झाडांखाली राहणं मोठं. राज्याच्या प्रोत्साहन योजनेत जंगल राखण्याचा ८, २० किंवा ५० वर्षांचा करार करता येतो आणि दरवर्षी पैसे मिळतात.

जमिनीत काळ्या ॲश झाडांची दलदल असेल, तर थांबायला वेळ नाही. ॲश पोखरणारा हिरवा भुंगा मिनेसोटात २००९ मध्ये सापडला. ही झाडं दलदलीतलं पाणी ओढत असतात. ती मेली की पाणी वर चढतं आणि नवं रोप धरत नाही. त्यामुळे ॲश उभे आहेत तोवरच त्यांच्या सावलीत दुसरी झाडं लावायला हवीत.