पुणे–मिरज, दिवसाउजेडी: फाल्गुनातली कोयना एक्सप्रेस

साताऱ्याकडे फुलं बघायला जायचं म्हटलं की गाडी थेट कासच्या पठाराकडे वळते. मार्चमध्ये तिथे करपलेलं गवत आणि उघडा कातळ असतो. कासचा बहर ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतचा. वसंतातली फुलं झाडांवर असतात, आणि पुणे–मिरज या सुमारे २८० किलोमीटरच्या लोहमार्गावर ती खिडकीत बसून दिसतात. फक्त गाडी नीट निवडावी लागते.

महालक्ष्मी एक्सप्रेस रात्रीची, त्यामुळे या कामाला बाद. सप्टेंबर २०२४ पासून धावणारी वंदे भारत ठराविक दिवशीच असते. बैठक आरामाची, वेळही वाचतो, पण काच बंद आणि झाड ओळखेपर्यंत ते मागे पडलेलं. कोयना दुपारी पुणे सोडते आणि तिन्हीसांजेच्या सुमारास मिरजेला पोचते. रडतखडत जाते म्हणून लोक तिला नावं ठेवतात; फुलं बघणाऱ्याला तोच तिचा गुण. एसी नसलेल्या डब्यात खिडकी उघडते, हे सगळ्यांत महत्त्वाचं. लोहमार्गाच्या दुहेरीकरणामुळे समोरच्या गाडीला वाट देत ताटकळणंही बरंच कमी झालंय.

जागा गाडीच्या दिशेने तोंड करून डावीकडची बघा. दक्षिणेकडे जाताना दुपारचं ऊन उजवीकडून येतं. परतीच्या सकाळच्या कोयनेला ते पूर्वेकडून, म्हणजे पुन्हा उजवीकडूनच येतं. आरक्षण करताना खिडकी मागता येते, डावी-उजवी मागता येत नाही. उजवी मिळाली तर मार्चअखेरच्या उन्हात शटर ओढून बसायची वेळ येते आणि सहलीचा मुद्दाच संपतो.

तिकिटाची एक गोम ध्यानात ठेवा. एकाच तिकिटावर मध्ये उतरून मुक्काम करायची सवलत ५०० किलोमीटरपुढच्या प्रवासाला असते. म्हणजे पुणे–सातारा आणि सातारा–सांगली अशी वेगळी तिकिटं काढायची. २०० किलोमीटरच्या आतलं जनरल तिकीट काढल्यापासून तीन तासांत किंवा त्या दिशेची पहिली गाडी सुटेपर्यंतच चालतं, तेव्हा दुपारच्या गाडीचं तिकीट सकाळीच काढून ठेवू नका. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. शनिवार-रविवारी जनरलच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही.

आता फुलं. नीरा ओलांडली की सातारा जिल्हा लागतो. कांद्याच्या बाजाराचं लोणंद मागे पडलं की सालपे, आदर्की करत गाडी घाट चढते, आणि वळणं-बोगद्यांच्या या टप्प्यात पुस्तक मिटून बाहेर बघावं. लालभडक दिसलं की सगळ्यालाच पळस म्हणायची सवय आहे. पळस बुटका, वाकड्या खोडाचा, पान नसलेला. फुलं केशरी आणि त्यांच्या बुडाशी काळपट मखमली वाटी, त्यामुळे लांबून झाड विझत आलेल्या निखाऱ्यांसारखं दिसतं. काटेसावर उंच आणि सरळ, फांद्या मजल्यामजल्याने आडव्या, फुलं तळहाताएवढी आणि जाडसर. पांगारा शेंदरी-लाल, तुरे फांदीच्या टोकाला. उतारावर गुलाबी-पांढरी काठीच उभी दिसली तर ती गिरिपुष्पाची लागवड. पळसाचा भर फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत असतो. एप्रिल उलटत आल्यावर निघालात तर तो गेलेला असेल. मग पिवळ्या बहाव्याच्या आशेवर जा.

साताऱ्यात एक मुक्काम करावाच. स्टेशन शहरापासून चांगलं पाच-सहा किलोमीटर लांब आहे. रिक्षाचे पैसे बसण्याआधी ठरवा. गावात जायच्या आधी जवळच्या संगम माहुलीला वाकडी वाट करा. कृष्णा-वेण्णेच्या संगमावरची विश्वेश्वर आणि रामेश्वर मंदिरं, काळ्या दगडाचे घाट, राजघराण्यातल्या समाध्या, आणि गर्दी जवळजवळ नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अजिंक्यतारा, कंदी पेढे, आणि उतरत्या दुपारी पुन्हा कोयना. पेढे गावातल्या दुकानातून घ्या, फलाटावरून नकोत.

कराडचं स्टेशनही गावात नाही, ओगलेवाडीला आहे. कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम बघायचा तर अर्धा दिवस हाताशी हवा, नाहीतर उतरू नका. पुढे किर्लोस्करवाडी येते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये माळावर वसवलेली ही उद्योगवसाहत गाडीतून बघितली तरी पुरे. भिलवडीकडे द्राक्षबागा सुरू होतात. याच दिवसांत तासगाव भागात शेडमध्ये बेदाणा वाळत असतो.

सांगलीत गणपती मंदिर, १९२९ चा आयर्विन पूल आणि सकाळचं मार्केट यार्ड बघा. नव्या हळदीची आवक याच महिन्यांत असते, पोती फोडली की वासाने नाक भरतं. भडंग घ्यायचं ते इथेच.

मिरज मात्र घाईत उरकू नका. सतारमेकर गल्लीत वाळवलेले भोपळे टांगलेले दिसतात. भोपळा कापून त्यावर लाकडी तबकडी बसवायची, दांडी जोडायची, रंग-पॉलिश करायचं, ही कामं बाहेरून समजतात. कसब असतं ते जवारीत: घोडीचा (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा) माथा कानसेने अगदी थोडा घासायचा, तार छेडायची, ऐकायची, पुन्हा घासायचं. जास्त घासलं गेलं की आवाज बसतो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कारागीर कामात असतील तर आधी विचारून मगच फोटो काढा. आणि दुपारी जाऊ नका, बऱ्याच दुकानांची ती जेवणाची वेळ.

गाडीला पाचपैकी चार. एक गुण कापला तो डब्यातल्या स्वच्छतागृहांसाठी: साताऱ्यापुढे त्यांची अवस्था बिघडत जाते. पाणी आणि डबा घरून न्या. चैत्र पौर्णिमेच्या आगेमागे मात्र हा बेत आखू नका. जोतिबाच्या यात्रेकरूंनी गाड्या दारापर्यंत भरलेल्या असतात. आरक्षण असलं तरी खिडकीपर्यंत पोचणं मुश्किल.