‘कस्टम ड्युटी’च्या नावाखाली २८,२५० रुपये गेले, वडिलांच्या दोन ट्रामही गेल्या

सोलापुरात मॉडेल ट्राम दुरुस्त करणारं कुणी नाही. बाहेरगावच्या माणसावर विसंबावं लागतं, आणि हे पक्कं ठाऊक असलेले भामटे टपून बसलेले आहेत. माझे २८,२५० रुपये गेले. पैशाचं एक वेळ सोडा, वडिलांनी पितळी पत्रा कापून, डाग देऊन घरी बनवलेल्या तीन ट्रामपैकी दोन त्या माणसाने गिळल्या.

वडील तरुणपणी मुंबईत नोकरीला होते. ३१ मार्च १९६४ ला बोरीबंदर ते दादर शेवटची ट्राम धावली, ती बघायला ते रस्त्यावर उभे होते. सोलापूरला परतल्यावर आठ बाय चारच्या प्लायवर त्यांनी तोच मार्ग उभा केला. माप १:७६, रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर, वर तांब्याची तार, मोटारी १२ व्होल्टच्या, जुन्या इंग्लिश बनावटीच्या. यंदा सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत एका शाळेने जुन्या वस्तूंचं प्रदर्शन ठरवलं आणि आमचा लेआउट मागितला. रूळ घासून चकचकीत केले, वायरिंग नवी ओढली, पण मोटारी हलेनात. यंत्रमागाच्या मोटारी भरणाऱ्या ओळखीच्या कारागिराने आर्मेचर, म्हणजे मोटारीचा तार गुंडाळलेला फिरता भाग, बघून हात जोडले. एवढी बारीक तार आमच्याकडे भरली जात नाही, म्हणाला.

मी चार ठिकाणी चौकशी केली आणि लगेच व्हॉट्सअॅपवर एकाचा मेसेज आला. मी पुण्याचा, जुनी मॉडेल्स दुरुस्त करतो. लॉटरी लागली म्हणणाऱ्याला पैसे पाठवणारा माणूस मी नाही. याला खरंच कळत होतं. जुन्या मोटारीचं मॅग्नेट कमजोर होतं, मग मोटार करंट जास्त खाते, तापते, पण ओढत नाही, हे त्याने मी न विचारता सांगितलं. एवढं बोलणारा माणूस चोर असेल असं कुणाला वाटेल? १२,००० अॅडव्हान्स पाठवला आणि एक डबल डेकर, एक सिंगल अशा दोन ट्राम कुरियरने रवाना केल्या. महत्त्वाची वस्तू दुरुस्तीला पाठवताना समोरच्याची सही असलेला कागद आधी घ्या, कुरियरची पावती पुरत नाही.

मग नेहमीचंच. इंग्लंडहून मोटारी मागवल्यात, कस्टममध्ये अडकल्यात, ९,४०० भरा. तेही पाठवले. पोस्टाने आलेल्या परदेशी पार्सलवरची ड्युटी डिलिव्हरीच्या वेळी सरकारी पावतीवर घेतात, कुणाच्या खासगी यूपीआयवर नाही. हे मला पोस्टातल्या ओळखीच्या माणसाने नंतर सांगितलं.

आणि मग तो व्हिडिओ. रात्री साडेदहाला आला, जेमतेम अकरा सेकंदांचा. लाल डबल डेकर ट्राम रुळावरून डावीकडून उजवीकडे जाते. खाली लिहिलेलं, ‘तुमची गाडी तयार, पॅकिंग आणि इन्शुरन्सचे ६,८५० पाठवा, परत मिळतील.’ त्या व्हिडिओत ट्रॉलीचा दांडा, म्हणजे छतावरचा, तारेतून वीज घेणारा दांडा, पुढे झुकलेला होता. पुढे! तारेला टेकलेला दांडा नेहमी मागे झुकलेला असतो, गाडी त्याला ओढत नेते. पुढे केला तर पहिल्याच सांध्याला तारेवरून निसटतो. म्हणूनच टर्मिनसला गाडी उलटी निघायच्या आधी दांडा फिरवायचा असतो. आमच्या लेआउटवर दादरला तो फिरवण्यासाठी वडिलांनी सायकलच्या स्पोकचा आकडा केला होता आणि लहानपणी ते काम माझं होतं. म्हणजे व्हिडिओतली गाडी तारेवर चालतच नव्हती, ती कुणाची तरी शोभेची गाडी होती. शिवाय आमच्या डबल डेकरचा जिना डाव्या अंगाला चेपलेला आहे, तिचा सरळ होता. हे सगळं त्या स्क्रीनवर माझ्यासमोर होतं. पण मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून दुसरी पाळी अर्धवट टाकून आलो होतो, प्रदर्शन तोंडावर आलं होतं, शाळेने फलकावर नाव छापलं होतं. अशा वेळी माणूस ट्राम चालतेय एवढंच बघतो. ६,८५० गेले. सकाळी नंबर बंद.

पुढचा ताप त्याहून मोठा. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला, तक्रार क्रमांक मिळाला. बँकेत म्हणाले, पिन तुम्हीच टाकलाय, आम्ही काय करणार. पोलीस ठाण्यात सांगितलं सायबरला जा, सायबरवाले म्हणाले वस्तू गेली आहे तर ठाण्यात जा. ठाण्यातल्या साहेबांचं म्हणणं, गाड्या तुम्ही आपखुशीने दिल्या, हा दिवाणी मामला. कसला दिवाणी? फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे, विश्वासाने दिलेली वस्तू हडपण्याला ३१६ आहे. माणूस पुण्याचा म्हणून पुण्याला जा म्हणाले. दखलपात्र गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत लिहिलेलं आहे, तिचं कलम १७३ वाचून जा आणि हटू नका. मी हटलो नाही, तेव्हा अर्ज घेतला. त्यात लिहिलं काय, तर ‘खेळण्यातील गाड्या, दोन नग’. किंमत विचारली. बिल आणा म्हणाले. बापाने हाताने बनवलेल्या वस्तूचं बिल मी कुठून आणू? कारागिराचा अंदाज लिहून द्यायला तयार होतो, तो घेतला नाही. पंधरा मिनिटांचं काम, पण खेळणं म्हटलं की तक्रारदारही पोर ठरतो.

पैसे गेल्याचं कळताच त्याच क्षणी १९३० लावा, सकाळची वाट बघू नका. पहिल्या काही तासांतच समोरच्या खात्यातली रक्कम गोठवता येते. चॅट डिलीट करू नका, रागाच्या भरातसुद्धा. दुरुस्तीचा व्हिडिओ मागाल तेव्हा गाडीशेजारी त्या दिवसाचं वर्तमानपत्र ठेवायला सांगा.

प्रदर्शनात एकच ट्राम मांडली, तीही उभी.

हौशी मंडळींनो, एक करा. लाल पितळी डबल डेकर, जिना डाव्या अंगाला चेपलेला, आणि बिनछताच्या पायरीची सिंगल, दोन्हींच्या तळाला खिळ्याने कोरलेलं १९७१, अशा गाड्या कुणी विकायला आणल्या तर घेऊ नका. तळाचा फोटो काढा, विकणाऱ्याचा नंबर टिपून ठेवा आणि जवळच्या ठाण्यात द्या. सोलापूरच्या सायबर शाखेत तक्रार नोंद आहे.