फेनिक्स-२ कॅप्सूल: नळी चोख, पण खरी कमाल बोअरची

चार मीटरच्या आसपास उंचीची पोलादी नळी. बाहेरचा व्यास ५४ सेंटिमीटर, वजन चारशे किलोच्या वर, रंग चिलीच्या झेंड्याचे. चिलीतल्या सान होसे खाणीत छत कोसळून ३३ कामगार अडकले होते. १३ ऑक्टोबर २०१० रोजी त्यांना हिनेच एकेक करून वर आणलं. आता ती कोपियापोच्या अताकामा प्रादेशिक संग्रहालयात आहे. दार आणि रंग दोन मिनिटांत पाहून होतात. चाकांपाशी मात्र जरा थांबा.

वरच्या आणि खालच्या टोकाला स्प्रिंगवर बसवलेली ही चाकं नसती, तर नळी वाटेत कुठेही खडकाला घासून रुतली असती. बोअर ओळंब्यात नव्हती. ती तिरकी होती, मध्ये हलका बाक होता आणि व्यास सुमारे ६६ सेंटिमीटर होता. म्हणजे नळी अगदी मधोमध राहिली तरी प्रत्येक बाजूला जेमतेम सहा सेंटिमीटर मोकळे. खडक आत आला की चाक दबतं, जागा मिळाली की बाहेर येतं. झिजणारा भाग अर्थातच हा. मोहीम चालू असताना थांबून चाकांना वंगण द्यावं लागलं. ३३ कामगार आणि खाली उतरलेले ६ बचावकर्मी मिळून वर येणाऱ्या ३९ फेऱ्या, तीही सहाशे मीटरहून जास्त खोलीवरून. एवढ्यावर तक्रार करण्यात अर्थ नाही.

बांधणी चिलीच्या नौदलाच्या आस्मार गोदीची, त्यात नासाच्या अभियंत्यांच्या सूचना. कल्पना मात्र जुनी आहे. जर्मनीत १९५५ मध्ये डालबुश खाणीसाठी अशीच नळी बनवली होती, तिचा व्यास फक्त ३८.५ सेंटिमीटर. त्यात खांदे आवळूनच उभं राहावं लागे. फेनिक्समध्ये ऑक्सिजन, वरच्या माणसांशी बोलण्याची सोय आणि अडकल्यास तळ मोकळा करून दोरावरून परत खाली उतरण्याची व्यवस्था होती. ती वापरण्याची वेळ आली नाही.

आतल्या माणसाची तयारी हाही या वस्तूचाच भाग धरायला हवा. कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत हवा, ही अट होती. उभ्या माणसाचं रक्त पायांत उतरतं, चक्कर येते, आणि आत बसायला जागा नाही. म्हणून पायांत घट्ट मोजे, छातीला नाडी-श्वास मोजणारा पट्टा. मळमळ होऊन वाटेत उलटी होऊ नये म्हणून आधीचे काही तास फक्त पातळ आहार. ६९ दिवस खाणीच्या अंधारात काढलेल्या डोळ्यांना गडद चष्मा. क्रमही विचार करून लावलेला: वाटेत काही बिघडलं तर निस्तरू शकतील असे धडधाकट आधी, मग आजारी आणि अशक्त, पाळीप्रमुख लुइस उर्सुआ सगळ्यांत शेवटी.

चाचणीत रिकामी नळी ६१० मीटरपर्यंत सोडून परत ओढली. अगदी तळापर्यंत का नाही? खाली कुणी उडी मारून आत शिरलं असतं, असं खाणमंत्री लॉरेन्स गोलबोर्ने हसत म्हणाले होते.

आता बोअर. तीन यंत्रं एकाच वेळी लावली होती: प्लॅन ए, बी आणि सी. पहिली पोचली ती बी, म्हणजे श्राम टी-१३०. आपल्याकडे शेतात साडेसहा इंची बोअर मारणारी गाडी कंप्रेसरच्या हवेवर हॅमर ठोकते, तत्त्व तेच. फरक आकाराचा आणि पद्धतीचा. आधीच पाडलेलं साडेपाच इंची भोक वाट दाखवायला धरलं, ते बारा इंचांपर्यंत रुंद केलं आणि मग पूर्ण मापाचं. यात एक हुशारी होती. खडकाचा चुरा वर फेकावा लागत नव्हता, तो आधीच्या भोकातून खाली पडत होता आणि खालचे कामगार पाळ्या लावून यंत्रांनी तो हटवत होते. स्वतःच्या सुटकेचा मलबा त्यांनीच उपसला. २६८ मीटरवर हॅमर खाणीतल्या लोखंडी आधाराला लागून तुटला. तुटका तुकडा बाहेर काढेपर्यंत काम ठप्प. बोअरवाल्याला विचारा, भोकात पडलेलं लोखंड काढणं म्हणजे काय. केसिंगही, म्हणजे भोकाला आतून बसवायचा पाइप, ठरल्यापेक्षा कमी, वरच्या ५६ मीटरांतच बसलं. तिरक्या भोकात पाइप पुढे सरकेना. त्याखालचा खडक घट्ट होता, म्हणून निभावलं.

हे बारकावे खाणीबाहेर छावणी करून राहिलेल्या नातेवाइकांना पुरते कळले होते. ९ ऑक्टोबरच्या सकाळी ड्रिल आरपार गेलं, भोंगा वाजला आणि एस्पेरान्सा छावणीत लोक एकमेकांच्या गळ्यात पडले. जगाने टाळ्या वाजवल्या त्या १३ तारखेला, दोर ओढणारं चाक फिरताना आणि नळीचं दार उघडताना पाहून. त्यात गैर काही नाही, भोक कॅमेऱ्यात दिसत नाही. दुसऱ्या क्रमांकावर आलेल्या मारिओ सेपूल्वेदाने पिशवीतून खाणीतले दगड काढून राष्ट्राध्यक्षांसह सगळ्यांना वाटले, तेव्हा चिलीच्या नावाच्या "ची-ची-ची, ले-ले-ले" अशा घोषणा थांबेनात. गोलबोर्ने यांची लोकप्रियताही रातोरात वाढली.

पश्चिम बंगालमधल्या राणीगंजची तुलना इथे करायलाच हवी. १९८९ च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या महावीर कोळसाखाणीत पाणी शिरल्यावर ६५ कामगार अशाच नळीतून काढले. खोली कितीतरी कमी, पण नळी जवळच्या वर्कशॉपमध्ये घाईने बनवलेली, आणि अभियंते जसवंतसिंग गिल स्वतः आधी खाली उतरले. सोयी फेनिक्सच्या शतांश नसतील, काम तितकंच झालं. किमतीच्या मानाने राणीगंजला जास्त गुण.

फेनिक्सबद्दल एकच तक्रार, आणि ती नळीची नाही. छत कोसळल्यावर अडकलेल्यांनी हवेच्या शाफ्टमधून वर यायचा प्रयत्न केला होता. नियमाप्रमाणे तिथे असायला हवी ती शिडी पूर्ण नव्हती. पुढे खडक पुन्हा हलला आणि ती वाटही गेली. सुटकेचा खर्च सुमारे दोन कोटी डॉलर सांगितला जातो. ही खाण २००७ मध्ये एका कामगाराच्या मृत्यूनंतर बंद केली होती, २००८ मध्ये पुन्हा सुरू झाली. २०१३ मध्ये सरकारी वकिलांनी कुणावरही आरोप न ठेवता तपास बंद केला.