स्विफ्टचे लोअर आर्म घरी बदलले: ओरिजिनल जोडीचा एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

माझ्या २००८ च्या पेट्रोल स्विफ्टला मारुतीच्या जेन्युइन पार्ट्सचे पुढचे दोन्ही लोअर आर्म (चाकाकडचा भाग गाडीच्या फ्रेमला खालून जोडणारे हात) मी गेल्या मे महिन्यात डिचोलीतील घराच्या अंगणात स्वतः बसवले. गोव्याचा पावसाळा ही गाडीच्या खालच्या भागाची खरी परीक्षा असते, म्हणून तो पूर्ण सरेपर्यंत या जोडीबद्दल काही लिहायचे नाही असे ठरवले होते. आता चवथ होऊन गेली, दिवाळीही झाली, आणि परवाच गाडी पुन्हा वर उचलून दोन्ही आर्म बारकाईने पाहिले.

यापूर्वी एका बिगरओरिजिनल कंपनीची जोडी एका गॅरेजमध्ये बसवून घेतली होती. ती दीड वर्षही टिकली नाही. गतिरोधकावरून गाडी उतरताना डावीकडून बारीक खटखट ऐकू येऊ लागली, ब्रेक दाबला की गाडी किंचित डावीकडे ओढू लागली, आणि डाव्या टायरची आतली कड बोटाला जाणवेल इतकी झिजली. म्हापशाच्या रस्त्यावर सरळ जातानाही स्टिअरिंग सतत सावरून धरावे लागे. गाडी स्टँडवर घेऊन बुशाजवळ (आर्म फ्रेमला जोडणाऱ्या रबरी सांध्याजवळ) पहार लावून हलकेच दाबले, तेव्हा आर्म फ्रेमपासून स्पष्ट सरकताना दिसला. चाक वरखाली हलवून पाहिले, तर बॉल जॉइंटलाही (आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा फिरता सांधा) ढिलाई होती. जुन्या आर्मवर नुसता बुश किंवा नुसता बॉल जॉइंट प्रेस करून बसवून देणारे कारागीर मिळतात, परंतु दोन्ही गेलेले असताना आणि आर्मच्या पत्र्याला गंज धरलेला असताना पूर्ण आर्म बदलणेच मला योग्य वाटले, आणि तेही दोन्ही बाजूंचे.

ओरिजिनल जोडी लोकल जोडीच्या जवळजवळ दुप्पट किमतीला पडली. हा फरक मला हातात घेताच कळला. वेल्डिंगची शिवण अखंड आणि सारख्या रुंदीची आहे, काळा रंग शिवणीच्या खोबणीतही नीट पोहोचला आहे, आणि बॉल जॉइंटचा दांडा बोटांनी फिरवताना सगळीकडे सारखाच घट्ट लागतो. लोकल आर्मचा दांडा नवा असतानाच एका बाजूला सैल फिरत होता. त्या वेळी मी ते पाहिले होते, पण त्याचा अर्थ मला लागला नव्हता. बॉल जॉइंटवरचे रबरी बूट, म्हणजे त्याचे आवरण, हा आपल्या हवेत सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, कारण ते फाटले की लाल चिखलाचे पाणी आत जाते, ग्रीस वाहून जाते आणि जॉइंट लवकरच खाऊन टाकला जातो. नव्या आर्मचे बूट जाड असून कडेची कडी घट्ट बसलेली आहे. डावा आणि उजवा आर्म एकमेकांचे आरशातले रूप असतात, तेव्हा दुकानातच दोन्ही खोकी उघडून, गाडीच्या वर्षाशी पार्ट नंबर जुळवून घ्यावेत. मला आधी एकाच बाजूचे दोन आर्म बांधून दिले होते.

काम एका दिवसाचे आहे, पण तयारी आदल्या रात्री करावी. सतरा पावसाळे खाल्लेले बोल्ट सहज सुटत नाहीत, म्हणून रात्री आणि पहाटे असे दोनदा गंज सोडवणारे तेल मारले. गाडी सरकू नये म्हणून मागच्या चाकांना ओट लावली आणि पुढच्या दोन्ही बाजू पक्क्या लोखंडी स्टँडवर घेतल्या. गाडीखाली आधाराला चिरे (जांभ्या दगडाचे ठोकळे) लावण्याची पद्धत आपल्याकडे अंगणाअंगणात दिसते. ती पूर्णपणे बंद व्हायला हवी. चिरा भिंतीत वर्षानुवर्षे टिकतो, पण एका टोकावर भार आला की सूचना न देता फुटतो, आणि खाली माणूस असतो. नुसत्या जॅकवर विसंबणेही तितकेच घातक.

बॉल जॉइंटचा दांडा नकलमध्ये (चाक ज्यावर बसते त्या भागात) एका आडव्या बोल्टने आवळलेला असतो. हा बोल्ट नुसता सैल करून भागत नाही, पूर्ण बाहेर काढावा लागतो, कारण तो दांड्यावरच्या खाचेत बसलेला असतो. खाच दिसत नसल्यामुळे पुष्कळ जण वरून हातोडा मारत राहतात. बोल्ट काढल्यावर नकलच्या फटीत छिन्नी हलकेच ठोकून ती केसभर उघडली आणि आर्म पहारीने खाली दाबला, तेव्हा दांडा सुटला. सुटल्यावर चाकाकडचा भाग बाहेर झुकू देऊ नये. ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट ओढला जाऊन निखळू शकतो. मी तो दोरीने बांधून ठेवला होता. उजव्या बाजूचा मागचा बोल्ट तासभर हलला नाही. शेवटी लांब दांड्याच्या पान्यावर पाईप चढवून जोर लावला, तेव्हा कडकन आवाज झाला. बोल्ट तुटला असे वाटून क्षणभर हात थांबले, पण तो गंजाचा आवाज होता.

डावा जुना आर्म काढून चटईवर ठेवला, तेव्हा या सगळ्या प्रकरणाचे मूळ दिसले. पुढच्या बुशाचे रबर झिजलेले नव्हते, ते पिळवटून फाटले होते. आतल्या नळीभोवती एकाच दिशेने चीर गेली होती. आमच्या शेजारचे काका २०१२ साली खाणी बंद पडेपर्यंत ट्रकच्या वर्कशॉपमध्ये होते. त्यांनी तो आर्म उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, "बसवताना चाक लोंबकळत होतं ना रे?" होते. गॅरेजमध्ये गाडी लिफ्टवर असतानाच बोल्ट पूर्ण आवळले गेले होते. या बुशात रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेले असते. बोल्ट आवळला की आतली नळी जागच्या जागी जखडली जाते आणि पुढची सगळी हालचाल रबराच्या पिळण्यातून होते. चाक लोंबकळत असताना जखडले, तर गाडी जमिनीवर उभी राहताच रबर कायमचे पिळलेले राहते आणि प्रत्येक खड्ड्यात आणखी पिळते. म्हणजे त्या लोकल आर्मचा बॉल जॉइंट निकृष्ट होता हे खरे, पण त्याचा बुश बसवणाऱ्याच्या घाईने मारला होता. हा दोष मी इतके दिवस मालाच्या माथी मारत होतो.

"बोल्ट आता नुसते हाताने लाव, गाडीचं वजन आल्याशिवाय पिळू नकोस," असे काकांनी बजावले आणि काम होईपर्यंत ते अंगणातून हलले नाहीत. नवे आर्म बसवून बोल्ट सैल ठेवले. मग बॉल जॉइंटच्या खाली लाकडाचा ठोकळा घालून जॅक इतका वर घेतला, की त्या बाजूची गाडी स्टँडवरून जेमतेम सुटू लागली. स्प्रिंग दबली, आर्म नेहमीच्या जागेवर आला, आणि त्या स्थितीत दोन्ही बुशांचे बोल्ट टॉर्क रेंचने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्यांप्रमाणे आवळले. स्वतः आवळून राहणारे नट जुने वापरू नयेत, नवे घ्यावेत. अखेरीस वेल्डिंगच्या शिवणींवर गंजरोधक मेणाचा एक हात दिला. दुसऱ्या दिवशी म्हापशाला जाऊन व्हील अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) करून घेतले. ते टाळले, तर नवे टायर काही महिन्यांतच कडेने खाल्ले जातात.

त्यानंतर जून ते सप्टेंबर गाडी रोज चालली, चोर्ला घाटातून दोनदा बेळगावला गेली, आणि साखळीजवळ पाण्याखाली लपलेल्या एका खड्ड्यात इतकी जोरात आपटली की टायरची बाजू फुगली. परवा पाहिले, तेव्हा चारही बुशांचे रबर अखंड होते, बूट कोरडे होते, बॉल जॉइंटला यत्किंचितही ढिलाई नव्हती. एक तक्रार मात्र नोंदवतो: उजव्या आर्मच्या खालच्या कडेला, खडी लागते त्या जागी, रंग उडून नखाएवढा गंज दिसू लागला आहे. या किमतीत रंग आणखी जाड असायला हवा होता. ती जागा घासून प्रायमर लावला आहे, आणि पुढच्या मे महिन्यात, पावसाआधी, दोन्ही आर्म पुन्हा मेण लावून घेणार आहे.